नवसाबाईंचं ऊन

इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दर उन्हाळ्यात नवसाबाई कुरडया घालायच्या. मूळच्या नांदगावकडच्या. नवरा गेल्यावर याच कामावर त्यांनी मुलाला वाढवलं. गव्हाचा चीक त्याच शिजवायच्या, सोऱ्याही त्याच दाबायच्या. त्याला दुसऱ्याचा हात लागू देत नसत.

गेल्या वर्षी मात्र दोन ओळी घातल्या की त्या पाण्याच्या टाकीला टेकून बसत. सारखी तहान, भूक नाही, पोट साफ नाही. सांगितलेलं विसरत. हाडं झिजली असतील, असं सगळ्यांचं मत पडलं. सून दीपमाला मायेची. ती कॅल्शियमच्या गोळ्या, नाचणीची पेज, रात्री दूध देऊ लागली, सकाळी उन्हात बसवू लागली. त्या आणखीच गळाल्या.

"सूनबाईनं मला बी वाळत घातलंय, बाई," त्या मला म्हणाल्या. हसण्याचंही त्राण नव्हतं.

एके दिवशी समोर चीक करपला आणि त्या नुसत्या बघत बसल्या. तेव्हा मुलाने दवाखान्यात नेलं. रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलेलं, मूत्रपिंडांना इजा होऊ लागलेली. कॅन्सर नाही, टीबी नाही. छातीच्या फोटोत गाठी दिसल्या; एकीचा तुकडा तपासल्यावर सार्कॉइडोसिस निघाला, अंगात जागोजागी बारीक गाठी धरणारा आजार. डॉक्टर म्हणाले, शरीरातल्या या गाठीच ड जीवनसत्त्व वाढवतात, म्हणून कॅल्शियम चढतं. त्या गोळ्या आणि दूध बंद, पाणी भरपूर, स्टेरॉइड सुरू. उन्हानंही ड वाढतं, म्हणून ऊन टाळायचं.

दीपमाला रडू लागली. "मीच पाजलं ना सगळं!"

"इख नाय पाजलं, दूधच पाजलं," नवसाबाई म्हणाल्या. मग डॉक्टरांना विचारलं, "ऊन नाय, तर मी करू काय?"



यंदा कॅल्शियम उतरलंय. थकवा पुरता गेलेला नाही, स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा सुजलाय. चैत्रात त्या गच्चीच्या दारापर्यंत आल्या आणि आतल्या पायरीवर सावलीत बसल्या. सोऱ्या मांडीवर, दोन्ही हातांत धरलेला. बाहेर पातेल्यातली वाफ कमी होत होती.

"आत्याबाई, चीक निवला तर दाबता यायचा नाही," दीपमाला म्हणाली.

नवसाबाई थोडा वेळ उन्हाकडे बघत राहिल्या. मग सोऱ्या पुढे केला.

"धर. अन् घाई करू नको, तुझं लगीन नाय हे."

पहिलीच कुरडई वाकडी पडली. त्यांनी ती पाहिली, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि भिंतीला डोकं टेकलं.

"वाळंल," म्हणाल्या.