कपाटात कोंडलेलं वायफाय

माझ्या खोलीतल्या, उदगीरच्या शबानावर अन्याय झाला. स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी झाला. वयाच्या अटीप्रमाणे तिची ती अखेरची संधी होती. अन्याय करणारे गृहस्थ म्हणजे दिल्लीच्या द्वारका भागातले आमचे घरमालक काका. त्यांच्याइतका भला मराठी माणूस अख्ख्या दिल्लीत सापडायचा नाही, हे मी लेखी द्यायला तयार आहे.

काका मंत्रालयातून निवृत्त झाले होते, पण घरी अंमल चालूच होता. गीझरला वेळापत्रक, फ्रिजवर परिपत्रक. मुलाने गुडगावहून राउटर आणून दिला, तेव्हा त्या बिनतारी प्रकाराचा त्यांनी खोल विचार केला आणि ठरवलं, की नेट खिडकीतून सांडतं. त्यामुळे नेटची वेळ चार ते सहा, आणि तेवढा वेळ, ऐन मे महिन्यात, खिडक्या बंद! "काका, उकडून मरू आम्ही," मी म्हटलं. "अच्छा? मग उघडू? समोरच्या टॉवरमधल्यांनी फुकट खायचं?" एवढ्यानेही भागेना, म्हणून राउटर गेला लोखंडी कपाटात, काकूंच्या पैठणीच्या शेजारी. मागून भोक पाडून तार आत घेतली. नेटच्या वेळेला काका कपाटाचं दार चार बोटं उघडत आणि आम्ही दोघी फटीसमोर लॅपटॉप धरून बसायचो, नैवेद्य दाखवल्यासारख्या.

त्या दिवशी काका बहिणीकडे गाझियाबादला गेले. तीन दिवस बंद पडलेली परीक्षेची साइट नेमकी तेव्हा चालू झाली. मुदत सहाची. फोटो, सही, सगळं तयार, आणि नेट गायब. दोघींच्या फोनमधला डेटा संपलेला, मार्केटातल्या सायबर कॅफेची वीज गेलेली. कपाटाला कुलूप, किल्ली काकांच्या जानव्याला. लॅपटॉप कपाटाला चिकटवला, तर सिग्नलची एक काडी यायची नि जायची. शेवटी पाच दहाला शबानाने काकांना फोन लावला.

"अगं, चालूच ठेवलाय मी! तुमच्यासाठी मुद्दाम. दिवे लागलेले बघून कुलूप घातलं."

"काका, लोखंडातून बाहेर येत नाही हो ते!"

"असं कसं? भिंतीतून येतं ना?"

"भिंतीतून येतं. पत्र्यातून नाही."

"निघालो!" म्हणून काकांनी फोन ठेवला. बहिणीकडच्या ताटावरून तसेच उठून निघाले म्हणे, पण गाझियाबाद ते द्वारका म्हणजे दिल्लीचं एक टोक ते दुसरं. सातला धापा टाकत पोचले, कपाट उघडलं. आत हिरवे दिवे इमानदारीत लुकलुकत होते. काका पलंगाच्या कडेवर टेकले.

"पुढच्या वर्षी बसतं ना गं तुझं वय?"

"बसतं की काका. बिल्कुल बसतं," शबाना म्हणाली आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेली.

मी चळवळीची पत्रकं लिहिणारी मुलगी. त्यांना खडसवायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. तुमच्यासमोर मात्र मिटणार नाही. तुमच्याही घरात कुणी भाड्याने राहून शिकत असेल. आत्ता उठा, कुलूप काढा, आणि त्या मुलीला विचारा, की तुझ्या अर्जाची शेवटची तारीख कोणती?