सात नंबरचा ठिपका

एकदा मी समुद्र थेट कळमेश्वरपर्यंत आणला होता, तोही आलेखावर, पुराव्यानिशी.

पीएचडीसाठी मी तिकडचे काळे दगड गोळा करून घरच्या गच्चीवर ठेवत होतो. लाव्हा थंड होता होता त्यातली रसायनं कशी बदलत गेली, ते आलेखावर बघायचं. आडव्या रेषेवर सिलिका, उभ्या रेषेवर सोडियम आणि प्रत्येक दगडाचा एक ठिपका. प्रयोगशाळेतून आकडे आले. अकरा ठिपके प्रार्थनेला उभ्या पोरांसारखे रांगेत लागले. बारावा, म्हणजे दगड नंबर सात, थेट छताला! सोडियम इतकं, की मी ताडकन उठलो. (खुर्ची पडली. ती अजून लंगडते.)

याचा अर्थ एकच: लाव्हा खाऱ्या पाण्यात शिरला होता! खरं ठरलं तर पीएचडी पक्की, खोटं ठरलं तर तीन वर्षं पाण्यात. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, पुन्हा तपासून घ्या. पण मी कसला थांबतो! विभागाच्या चर्चासत्रात नाव दिलं, प्रताप नगरातल्या अख्ख्या गल्लीला सांगितलं आणि आईबाबांना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं.

पडद्यावर सात नंबरचा फोटो आला. चपटा, छिद्राछिद्रांचा, देखणा. या छिद्रांत प्राचीन समुद्र अडकलाय, असं मी भरल्या आवाजात सांगितलं.

आई बाबांकडे झुकली. तिचं कुजबुजणं मागच्या रांगेपर्यंत जातं.

"अवो, हा तं माह्या लोणच्यावरचा दगड हाय."

सरांनी तिला आदरानं उभं केलं. ती न घाबरता बोलली. मिठात मुरवलेल्या कैऱ्या वर येऊन राहिल्या होत्या, म्हणून गच्चीवरचा हा दगड धुऊन त्यावर दाबला, मग जिथला तिथे नेऊन ठेवला. "मले काय मालूम, याचा फोटो लावणार हायेत म्हणून!"

"किती दिवस होता?"

"पंधरा. पाच किलो कैरी, किलोभर मीठ."

सरांनी सगळं लिहून घेतलं. मग त्यांनी माझी डायरी मागितली. कुठून आणला, कुठे ठेवला, या रकान्यात सात नंबरपुढे मी एवढंच लिहिलं होतं, 'दगड'.

मी मान खाली घालून लॅपटॉपवरच्या आलेखातून तो ठिपका पुसायला गेलो, तर सरांनी हात धरला.

"राहू द्या. बारा दगडांपैकी नेमकं काय घडलं हे खात्रीनं माहीत असलेला तेवढा एकच आहे. तेही तुमच्या आईंना."