आजोबांची खूण

डिलाईल रोडच्या छापखान्यात परवा आमच्या संघटनेची पत्रकं आणायला गेले आणि यंत्राच्या तेलाचा वास नाकात शिरला. अगदी आजोबांच्या हातांचा. गिरणी बंद पडल्यावर चाळीतल्या सगळ्या शिलाई मशिनी तेच दुरुस्त करायचे.

मी तेव्हा तेरा वर्षांची. वहीत एक ग्रह रचत होते. तिथे वादळाचा आवाज इतका, की माणसं हातांनीच बोलतात. त्यांच्या खुणा मी बनवत बसले होते.

"बनवूक कित्याक व्हयी गो?" आजोबा म्हणाले. "गिरणीत साच्यांच्या, कापडाच्या मागांच्या खडखडाटात आमची तीच भासा हुती." त्यांनी मिशीला पीळ दिला. "ह्येचो अर्थ, जॉबर इलो, खात्याचो मुकादम, कामाक लाग." मग दोन बोटं ओठांवर टेकवली. "विडी ओढूक चल."

मी हसले. "आजोबा, गिरणीतलं कोण वाचणार? मला परग्रहावरची भाषा हवीय."

त्यांनी छातीवरून हात फिरवून सावकाश मूठ उघडली. काहीतरी बोलले ते. मी वहीत मान घातली. अर्थ विचारलाच नाही.

आता ते नाहीत, गिरणीतल्या त्यांच्या खात्यातलंही चाळीत कुणी उरलं नाही. सकाळपासून मी ती खूण करून बघतेय. हात बरोबर फिरतो, अर्थ काही लागत नाही.

पत्रकावर मीच ठळक लिहिलंय, 'गिरणी कामगारांचा आवाज दाबणाऱ्यांनो, जाब द्या!' खाली मालक, सरकार, बिल्डर, सगळ्यांची यादी आहे. तिच्यात एक नाव कमी आहे, माझं, आणि वाटायचा गठ्ठा अजून दारातच पडलाय.