‘मी येस’ म्हणणाऱ्या विमलताई

महिना होत आला. सकाळीच आमच्या नाटकमंडळींतल्या कुंदाचा फोन आला, "अगं, ती ‘येते शे’वाली गेली." विमलताई गेल्या, असं तिने म्हटलं नाही. मलाही तेव्हा ते खटकलं नाही, हे आता लिहिताना जास्त लागतं.

विमलताई मूळच्या सटाण्याकडच्या. लग्न होऊन नाशकात आल्या. दिवसभर शिवणकाम आणि संध्याकाळी आमच्या हौशी नाटकमंडळींत तालीम. आवाज असा, की शेवटच्या रांगेत डुलक्या घेणारा माणूसही दचकावा. चाळीसेक वर्षांपूर्वी त्यांना एका मराठी सिनेमात काम मिळालं. हलकाफुलका, प्रेमाचा सिनेमा; दोन जोडपी, भरपूर गैरसमज, द्राक्षबागेतलं गाणं. शूटिंग आपल्याकडचं, पण पडद्यावरची झाडून सगळी माणसं पुण्याचं मराठी बोलणारी. आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला आली ती एक मोलकरीण, म्हणजे विमलताई. चहाचा ट्रे घेऊन ती दर प्रसंगात दारातून म्हणायची, "बाईसाहेब, मी येते शे!" आणि लोक थिएटर डोक्यावर घ्यायचे. मीही पोट धरून हसले होते.

पुढे हळदीकुंकू असो की कुणाचं बारसं, "ताई, तेवढं म्हणा ना!" अशी गळ घालणाऱ्यांत मी सगळ्यांच्या पुढे. त्या म्हणायच्या. कधी आढेवेढे घेतले नाहीत त्यांनी...

गेल्या दिवाळीत भेटायला गेले तेव्हा त्या फार थकल्या होत्या. मी सवयीने तेच मागितलं. उशीला टेकत त्या म्हणाल्या, "सुधा, अहिराणीत असं कुणीच बोलत नाही गं. ‘मी येस’ म्हणतात. ‘शे’ म्हणजे ‘आहे’. लिहिणाऱ्याने कुठेतरी ऐकलं आणि दिलं वाटेल तिथे चिकटवून."

"मग तुम्ही सांगितलं नाही?"

"सांगितलं की. डायरेक्टर साहेब म्हणाले, बाई, बरोबर बोललात तर हसणार कोण?" त्यांनी पांघरूण वर ओढून घेतलं. "काम सोडायची हिंमत नव्हती माझी. सटाण्याला सिनेमा लागला तेव्हा आई सगळ्या आळीला घेऊन गेली होती. नंतर मला एवढंच म्हणाली, ‘विमल, तू आपली बोली इसरी गई का वं?’ ...आई गेली, पण तिला खरं सांगणं काही झालं नाही."

मला माफी मागायची होती. तेवढ्यात त्यांच्या सुनेने फराळ आणला, दुसऱ्या गोष्टी निघाल्या आणि ते राहून गेलं. माझा मलाच राग येतो.

शोकसभेत आमच्याच मंडळींनी पडद्यावर तो प्रसंग लावला. हेतू चांगलाच होता. हार घातलेल्या फोटोशेजारी तरुण विमलताई ट्रे घेऊन आल्या, तेच वाक्य म्हणाल्या आणि अख्खं सभागृह हसलं. माझ्या शेजारी त्यांची धाकटी बहीण बसली होती, गावाहून आलेली, डोक्यावर पदर घेतलेली. माझ्याकडे वळून तिने हळूच विचारलं, "बाई, ह्या लोके काबरं हासी राहिनात?"

मी तिचा हात धरला. म्हटलं, "तुमची बहीण बोली विसरली नव्हती हो. सिनेमावाल्यांनी एकदा तिला चुकीचं बोलायला लावलं. पुढची चाळीस वर्षं आम्ही लावलं."

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला.