गिरणीवाल्या मावशीचा डबा

"माझा डबा परत आणल्याबिगर कुठं जायचं नाय. आन् रिकामा तर आणायचाच नाय!" पिठाच्या गिरणीची घरघर चालू असताना मावशी हे ओरडून सांगायची. गिऱ्हाइकांना नव्हे बरं का. जीव नकोसा झालेल्या माणसांना. त्यांतला एक मी.

झालं असं, की वाळूजच्या कारखान्यातली नोकरी गेली, पाठोपाठ ठरलेलं लग्न मोडलं, आणि मी मोबाइलवरच्या एका ग्रुपात शिरलो. मरणाच्या गोष्टी करणारी माणसं तिथं जमायची. नावं खोटी, बोलणं गोड. 'तुझं दुःख कळतं' असं सगळे लिहायचे, 'ऊठ, घरी ये' असं कोणी लिहायचं नाही. आणि मला तिथं बरं वाटायचं, हेच वाईट होतं.

एक दिवस तिथं मावशीचा व्हॉइस मेसेज आला. "नमस्कार मंडळी! हडको कॉलनीत मारुतीच्या देवळामागं माझी गिरणी हाय. कोण कोण जवळ राहतं?" ॲडमिननं दटावलं, "इथं ओळख सांगायची नसते." मावशी म्हणाली, "आगं माय! मंग हाक कशी मारायची?" तिला लगेच काढून टाकलं. पण तोवर त्याच शहरात राहणाऱ्या आम्ही तिघांनी पत्ता टिपून घेतला होता.

मी गेलो तो नुसता बघायला. तिनं काही विचारलं नाही. दोन पोती उचलायला लावली आणि निघताना धपाट्यांचा डबा हातात दिला. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये, हे आपल्याकडं लेकरांनाही ठाऊक असतं. मग काय, पोहे केले. करपले. "लई बेक्कार!" म्हणत मावशीनं ते संपवले आणि डबा भरून पुन्हा माझ्याच हाती दिला. पुढच्याच आठवड्यात माझी खोलीही बघून गेली. असे कितीतरी महिने गेले. मरायला सवडच मिळेना हो!

तरी एकदा मी ठरवलंच. डबा घासूनपुसून गिरणीच्या पायरीवर ठेवून आलो. रिकामा. अर्ध्या तासात रिक्षातून उतरून बाई माझ्या दारात. अंगभर पीठ, हातात तोच डबा. "रिकामा ठेवतोस व्हय रं?" मी रडलो, तीही रडली. मग तसंच मला डॉक्टरकडं नेलं आणि नंबर येईपर्यंत माझं मनगट सोडलं नाही.

गुडघे थकले तेव्हा तिनं गिरणी विकली आणि बहिणीच्या गावी, कन्नडला जायचं ठरवलं. सामान बांधताना मी विचारलं, "मावशी, तू त्या ग्रुपात आलीस कशी?"

तिनं फोन पुढं केला. "ह्यो माझ्या पोराचा. त्यो बी तिथंच लिहायचा. शेवटचं लिहिलं तवा त्यो वरच्या खोलीत व्हता, मी खाली गिरणी चालवत व्हते. मला काहीच ऐकू आलं नाय रं."

"मावशी, मी आहे," एवढंच म्हणालो.

तिनं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं. "हाईस ना? मंग उचल ती गादी. जीपवाला थांबत नाय."