आतली खूण

कॉम्प्युटरमधून टक् टक् असा आवाज यायला लागला तेव्हा बायको म्हणाली, "पाल चुकचुकतीय." मी म्हणालो, पाल काय असा ठेका धरून चुकचुकती होय? तरी खात्री करावी म्हणून टेबल सरकवलं, भिंतीवरचा फोटो काढून मागं बघितलं, ट्यूबलाइट बंद केली. आवाज डब्यातूनच येत होता.

तो कॉम्प्युटर पुण्याच्या पोराचा. त्यानं नवा घेतला आणि जुना आमच्याकडं नळदुर्गला पाठवून दिला. मी रिटायर झालेलो होतो, वेळ जाईल म्हणून. त्याच दिवशी माझ्या मनात आलं होतं की चांगला चालणारा माल कुणी दुसऱ्याला देतं का? याच्यात काहीतरी खोट असणार. बायको म्हणाली, "पोटच्या पोरावर बी संशय! तुमचा तुमच्या सावलीवर तरी भरवसा हाय का?" न्हाय, मी म्हणालो, सावली दुपारी सोडून जाती.

पण त्या डब्यात माझी माय होती. म्हणजे तिचा आवाज होता. मी हौसेनं एक माईक घेतला आणि उन्हाळ्याच्या दुपारी तिला बोलतं केलं. माईक तोंडापुढं धरला की ती लाजून शाळेतल्या पोरीगत बोलायची, म्हणून मी तो उशीच्या कडंला लपवायचो. मग ती मोकळी व्हायची. बहात्तरचा दुष्काळ, जळकोटच्या रस्त्यावर खडी फोडायचं काम, सुकडीसाठी लागलेली रांग, मुकादमाची नजर, सगळं.

तिला एक मुलगी झाली होती, माझी धाकटी बहीण. त्याच कामावर झोळीत वाढली आणि वर्ष भरायच्या आत गेली. फोटो न्हाय, कपडा न्हाय, काही न्हाय. तिचं नाव घरात घ्यायचं न्हाय, हा मायचाच कायदा होता आणि तो आम्ही तीस वर्षं पाळला. आणि एका दुपारी बोलता बोलता तिनंच ते नाव घेतलं. सांगितल्यासारखं न्हाय, झोळीतल्या लेकराला हाक मारावी तसं, लाडानं, शेवटचं अक्षर लांबवून. तेही डब्यात उतरलं.

पुढं श्रावणात तिला झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. एकच शब्द राहिला, न्हाय. चहा घेती का? न्हाय, आणि डावा हात कपासाठी पुढं. दिवा बंद करू का? न्हाय, आणि डोळे मिटलेले. आम्ही तिच्या तोंडाकडं बघून अर्थ लावायला शिकलो. रोज चार वाजता ती कॉम्प्युटरकडं बोट करायची. मी तिचा आवाज लावायचो. ती हाक आली की बाजेच्या माच्यावर बोटं आपटायची, म्हणजे पुन्हा. मी मागं न्यायचो, पुन्हा लावायचो. कधी सात वेळा, कधी दहा वेळा.

पोरगा फोनवर म्हणायचा, "बाबा, सीडीवर काढून ठेवा." आमच्या मशीनवर सीडी निघत नव्हती, दुकानात न्यावी लागली असती. मी म्हणायचो, दुकानदार एक आपल्याला देईल आणि एक स्वतःला ठेवील. "आजीचं बोलणं कोण चोरतंय बाबा?" चोरणारा विचारून चोरत न्हाय, मी म्हणायचो. राहिलं ते राहिलंच.

तर टकटक सुरू झाली, आवाज मधेच तुटायला लागला आणि एका दिवशी पडदा निळा होऊन बसला. मायनं चारला बोट केलं आणि मी नुसता बटणं दाबत राहिलो. शेवटी बस स्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो माझाच जुना विद्यार्थी. सातवीच्या परीक्षेत पट्टीच्या मागच्या बाजूला उत्तरं लिहून आणली होती यानं, आणि मीच धरलं होतं. गडी आता चाळिशीला आला, पोट सुटलं, पण मला त्याच्या हातात पट्टीच दिसायची.

"जय भीम, गुरुजी," म्हणून तो आला. डब्याला कान लावून त्यानं नाडी बघितल्यागत ऐकलं. मग म्हणाला, "हार्ड डिस्क बाद होत चाललीय. आत चकती असती, तिच्यावर काटा फिरतो, तो अडखळतोय. आता चालूच करू नका. सोलापूरला एक माणूस हे नाजूक काम करतो, मी घेऊन जातो."

"आवाज निघंल का?"

"लई वेळा निघतो. हात न्हाय लावला तर."

आजच नेतो म्हणाला. मी म्हणालो, आज न्हाय, उद्या सकाळी ने. मला विचार करायचा होता. मी पुन्हा बटण दाबू नये म्हणून त्यानं डिस्क बाहेर काढली, पेपरात गुंडाळून टेबलावर ठेवली आणि गेला.

तळहातात मावंल एवढी ती डबी. अशा दहा तरी त्याच्या दुकानात धूळ खात पडलेल्या मी बघितल्या होत्या. उद्या त्यानं दुसरीच आणून दिली आणि "न्हाय निघालं गुरुजी" म्हणाला, तर मी कशावरून ओळखणार? बायको म्हणाली, "वरचा नंबर लिहून ठेवा की." वा रे वा! लेबल सोलून दुसऱ्या डबीवर चिकटवायला काय लागतंय?

आमच्या घरात खूण आतून करायची रीत आहे, आणि ती मायनंच लावलेली. खडीच्या कामावर मजुरी ढिगाच्या मापानं मिळायची, आणि बायकांचे ढीग रातोरात कमी व्हायचे. एकीची खडी दुसरीच्या ढिगात. सगळ्याजणी वरून चुन्याची रेघ मारायच्या. चोरणारी बाई खडी नेऊन पुन्हा रेघ मारून ठेवायची. माय मात्र ढीग रचताना गेरूनं रंगवलेला एक दगड पोटात घालायची. एकदा एका बाईनं मायचा अख्खा ढीग माझाच म्हणून मुकादमापुढं सांगितलं. मायनं दोन्ही हातांनी ढीग उपसून लाल दगड वर काढला. "वरची खूण कुणी बी पुसतंय. आतली कुणाच्या बापाला घावत न्हाय." हे वाक्य मी तेव्हापासून ऐकलेलं. पुढं गावात दूध सोसायटी निघाली तेव्हा आमच्या कॅनच्या झाकणाला आतून खिळ्यानं रेघ मारलेली असायची. रेडिओ दुरुस्तीला दिला तर आतल्या तारेला दोरा बांधलेला. आमची एकही वस्तू कधी बदलली गेली न्हाय.

जेवण झालं, बायको शेजारी गेली. मी खिडकीजवळ टेबल ओढलं आणि घड्याळाचे बारके पेचकस काढले. डबीवर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की उघडू नका. जिथं उघडू नका असं लिहितात तिथंच खरी गोम असती, हा माझा अनुभव. स्क्रूच्या खाचा चांदणीसारख्या होत्या, पेचकस बसंना. घाम फुटला. माय बाजेवरून बघत होती.

"न्हाय," ती म्हणाली.

मी पाणी दिलं. तिनं तोंड फिरवलं. "न्हाय. न्हाय." थोडं थांब माय, चार वाजायला अवकाश आहे, असं म्हणून मी सपाट पेचकस खाचेत आडवा रेटून एकेक स्क्रू काढला.

आत आरशासारखी चकती होती. इतकी स्वच्छ वस्तू आमच्या घरात दुसरी नव्हती. तिच्यात माझा चेहरा दिसला, चष्म्यासकट. माझं बोट लागून एक ठसा उमटला, म्हणून मी फुंकर मारली आणि धोतराच्या सोग्यानं हळूच पुसलं. मग मागं माहेरपणाला आलेली लेक विसरून गेली होती ती नेलपॉलिशची बाटली आणली आणि चकतीच्या काठाला बारीक लाल ठिपका दिला. वाळू दिला. स्क्रू लावले, पेपर तसाच गुंडाळला. लई दिवसांनी मला निश्चिंत वाटलं. सकाळी ती डबी दुरुस्तीवाल्याच्या हातात देताना मी त्याच्या डोळ्यात डोळा घालून म्हणालो, "हीच परत आण." तो म्हणाला, "दुसरी कुठली आणू, गुरुजी?"

तिसऱ्या दिवशी तो आला आणि खुर्चीच्या कडंवर बसला. पेपराची पुडी मांडीवर होती.

"गुरुजी, ही कुणी उघडली?"

"म्हणजे?"

"आत पुसल्याचे ओरखडे हायत. लाल काहीतरी लावलंय. ही चकती उघड्या हवेत आली की धुळीच्या एका कणानं बी वाटोळं होतं. सोलापूरचा माणूस म्हणाला, उघडली नसती तर सगळा आवाज काढून दिला असता."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "मला काय विचारतो? माल तुझ्या ताब्यात होता. तुमच्या दोघांपैकीच कुणीतरी हात घातला असणार. तुझी सवय मला सातवीपासनं ठाऊक हाय!" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. छत्तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं मी.

त्यानं नुसती मान खाली घातली.

तेवढ्यात मायनं बाजेच्या माच्यावर हात आपटला. एकदा, दोनदा. आम्ही दोघंही वळलो. तिनं डावा हात उचलला आणि माझ्याकडं बोट केलं. ते बोट खाली येत नव्हतं. बायको दारात उभी होती, तिनंही बघितलं.

त्या गड्यानं मला एक शब्द सुनावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो उठला, पुडी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "चूक माझी झाली, गुरुजी. त्याच दिवशी न्यायला पाहिजे होती." चहासुद्धा न घेता गेला.

मी मायच्या बाजेवर बसलो. म्हणालो, "माय, म्या मोडलं. त्यानं न्हाय, म्या मोडलं. तुझा आवाज गेला." तिनं माझा कान धरला. साठी उलटलेल्या माणसाचा कान, लहानपणी पिळायची तसा पिळला, आणि सोडंना. डाव्या हातात लई जोर होता तिच्या. तिच्या डोळ्यातून पाणी आलं, माझ्या तर केव्हाच आलं होतं. मला वाटलं, झालं, कळलं तिला, शिक्षा बी देऊन झाली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तिनं कॉम्प्युटरकडं बोट केलं.

मी परत सगळं समजावलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा बोट. कळलं नव्हतं, की विसरत होती, की सगळं कळून मला रोज उभं करत होती, याचा मी लई विचार केला. जन्मदात्या मायवरही मी संशय घेतला. शेवटी तिच्या कानाशी तोंड नेऊन मी बहिणीचं नाव घेतलं. तिच्यासारखंच, लाडानं, शेवटचं अक्षर लांबवून. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि बोट होतं तिथंच ठेवलं.

पुढच्या चैत्रात ती गेली. तोवर एकही दिवस ते बोट चुकलं न्हाय.