दारातला हिरडा

चार वर्षांपूर्वी, ऐन शिमग्याच्या सकाळी, आम्ही कुडपण गावच्या जीपवाल्या काकांवर अन्याय केला. त्यांच्या जुन्या जीपमधून खडखड आवाज यायचा, म्हणून ‘या गाडीत बसू नका’ असं पत्रक मीच लिहून गावभर वाटलं. आज कुठूनसा वाळल्या हिरड्याचा तुरट वास आला आणि कुडपणहून पोलादपूरला उतरणारा तो घाट डोळ्यांपुढे तरंगत आला. पत्रक वाटल्यावर आठवड्याने माझी एस.टी. चुकली, म्हणून निमूट त्याच जीपमध्ये बसलो होतो. शेजारी दाराला टेकून, हिरड्याचं उघड्या तोंडाचं पोतं मांडीवर घेतलेली म्हातारी, दरीत साचलेलं धुरकट ऊन, आणि पेंगत उतरणारी जीप. वळणावर खडखड झाली. काकांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, खाली उतरून जीप नुसती हलवली. पुन्हा खडखड! “आता सांग, इंजिन वाजतंय काय?” काकांनी मला विचारलं. म्हातारीने दाराला कान लावला. “हितं हाय रे, दारात.” काकांनी दाराचा पत्रा खोलला, तर काचेच्या फटीतून आत पडलेला हिरडा भडाभडा सांडला. “आजे, तुझाच हाय!” “तरीच माझं पोतं पोलादपूरच्या बाजारात हलकं भरतं!” म्हातारी हसत सुटली. काकांनी मूठभर हिरडा तेवढा माझ्या हातावर ठेवला. माझं ते पत्रक अजून फिरतंय, आणि जीप अजून अर्धी रिकामी उतरते. तुमच्याकडे ते असेल तर फाडा, आणि उद्या काकांच्याच जीपमध्ये बसा.